एक्केचाळीस नंबरची चाल

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडता ठेवून दिलंस, तरी मी तुला नावं ठेवणार नाही. अकरा वर्षांत आपण तीन वेळा बोललो. तिन्ही वेळा फोनवर आणि तिन्ही वेळा घराच्या कागदपत्रांबद्दल. आई गेली त्या आठवड्यात बैठकीच्या खोलीत मामा, मावशी, शेजारच्या काकू असे सगळे बसलेले असताना मी तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाले होते, की यानं मोरीतली फरशी ओली ठेवली आणि हा कामाला निघून गेला, म्हणून आई पडली. तू एक शब्द बोलला नाहीस. महिन्याभरात तू घर सोडलंस. ते बोलणं मी आजवर मागे घेतलेलं नाही, हे तुला माहीत आहे आणि मलाही. त्याच्याबद्दलच लिहायला बसले आहे. पण मी सरळ मुद्द्यावर कधी येत नाही, हे तू लहानपणापासून ऐकवत आलायस. तेव्हा आधी दवाखान्यातल्या आमच्या खोलीत काय आलंय ते सांगते, त्याशिवाय पुढचं तुला कळणार नाही.

आमची खोली तू पाहिली आहेस. एकदा आईला न्यायला आला होतास, तेव्हा दारातच उभं राहून म्हणाला होतास, एवढी मोठी खोली आणि सामान काय तर एक खुर्ची! तीच ती, तिसऱ्या मजल्यावरची, लिफ्टसमोरची. या खोलीत मी चौतीस वर्षं म्हाताऱ्या माणसांना चालायला लावते आहे. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, जमिनीवर चिकटवलेल्या निळ्या पट्टीपर्यंत तीन मीटर चालायचं, वळायचं, परत यायचं आणि बसायचं. मी स्टॉपवॉच लावून उभी. बारा सेकंदांच्या आत बसलात तर पास. कागदावर लिहायचं, पडण्याचा धोका नाही, आणि खाली सही ठोकायची. खरं सांगायचं तर घड्याळ मी नावापुरतं धरायचे. माणूस लिफ्टमधून उतरून दारापर्यंत येईस्तोवर मनातल्या मनात मी त्याचा निकाल लावून मोकळी झालेली असायचे आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा. शिकाऊ मुलींपुढे मी त्याचा टेंभाही खूप मिरवला. तुमची ही पुस्तकं बाजूला ठेवा आणि डोळे उघडे ठेवा, असं मी त्यांना दर वर्षी न चुकता ऐकवायचे.

मागच्या वर्षी आमच्याकडे एक यंत्र आलं आणि त्याच्याबरोबर एक बाई आल्या. यंत्र म्हणजे एका स्टँडवर बसवलेली जाड पुस्तकाएवढी काळी पेटी, तिला समोरून दोन डोळे. माणूस पुढ्यातून चालत गेला की त्याची हालचाल टिपायची आणि तो पडण्याची शक्यता किती ते शंभरपैकी आकड्यात सांगायचं, एवढंच तिचं काम. बाई इंजिनिअर, चाळिशी उलटलेल्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला. आल्या दिवशीच त्यांनी खुर्चीची उंची मोजली, उंबरठा मोजला, पट्टीपर्यंतचं अंतर मोजून ते दोन सेंटीमीटर कमी भरतं असं मला सुनावलं, आणि जाता जाता माझीही उंची मोजून घेतली. आम्ही त्यांचं नाव मोजणीबाई ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा त्यांनी हे नाव आधीच्या ठिकाणी पडलेल्या नावापेक्षा बरं आहे म्हणून मान्य करून टाकलं. मी अर्थातच नाक मुरडलं. तुमच्या पेटीला अनुभव किती वर्षांचा, असं विचारलं. त्या म्हणाल्या, अजिबात नाही हो, म्हणूनच तिला कोणी आवडतं नाही आणि कोणी नावडतं नाही. मला तो उद्धटपणा वाटला.

पहिल्यांदा त्यांनी मलाच चालायला लावलं. चालून आले आणि पडद्याकडे बघितलं, तर तिथे मी नव्हतेच. चेहरा नाही, कपडे नाहीत, पिकलेले केस नाहीत. नुसते पंचवीस ठिपके, डोक्याचा, खांद्यांचे, कोपरांचे, कमरेचा, गुडघ्यांचे, घोट्यांचे, आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. आणि ते ठिपके चालत होते. धाकट्या, मी आयुष्यभर लोकांचं चालणं बघितलं आणि मला चालणं म्हणजे काय ते त्या दिवशी दिसलं. दर पावलाला कमरेचा ठिपका दोन बोटं वर येतो, पुन्हा खाली जातो, एका बाजूला झुकतो आणि दुसरा पाय बरोबर त्या क्षणी त्याला झेलायला पुढे आलेला असतो. मोजणीबाईंनी ते सावकाश करून दाखवलं. आपण दर पावलाला थोडंसं पडतच असतो आणि दर वेळी वेळेवर सावरतो, दिवसातून हजारो वेळा, गप्पा मारत, भाजी निवडायची राहिली याचा विचार करत. कोणी शिकवलं आपल्याला हे? मी तोंडात बोट घालून बघत राहिले. माझा उजवा खांदा दर पावलाला खाली जातो, हेही तिथेच कळलं. इतकी वर्षं त्याच खांद्यावर जड पिशवी अडकवल्याचा परिणाम.

मग एक निवृत्त कंडक्टर आले. एकतीस वर्षं धावत्या बसमध्ये न धरता उभे राहिलेले, त्यामुळे आपण पडू शकतो हे त्यांना मान्यच नव्हतं. नऊ सेकंदांत जाऊन आले. मी डोळे झाकून पास केलं असतं. यंत्रानं अठ्ठ्याहत्तर दाखवले. तुमच्याआमच्यासारखा माणूस वळतो तेव्हा आधी मान वळते, मग खांदे, मग कंबर, मग पाय. कंडक्टरकाका आख्खेच्या आख्खे वळत होते, जड कपाट कोपऱ्यातून सरकवावं तसे, बारीक बारीक सहा पावलांत. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, जमीन हलत नाही ना, म्हणून थोडी पंचाईत होते. हसलो सगळे. पण बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या बायकोनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की दोन महिन्यांत दोनदा पडलेत आणि कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली आहे. जे त्या माणसानं पोटात दडवून ठेवलं होतं, ते त्याच्या ठिपक्यांनी सहा पावलांत सांगून टाकलं. त्या दिवसापासून मी अर्धा तास आधी कामावर जायला लागले. रिकाम्या खोलीत मोजणीबाईंबरोबर बसून जुनी चालणी बघायची, हे मला व्यसनच लागलं म्हण ना. प्रत्येकाची चाल निराळी. दोन माणसं सारखी चालताना मी अजून पाहिलेली नाहीत.

आता मागच्या महिन्याचं सांगते. मोठ्या डॉक्टरांना यंत्राची परीक्षा घ्यायची होती. आमच्या खोलीत बारा वर्षांपासून भिंतीवर एक साधा कॅमेरा आहे, शिकाऊ मुलींना दाखवण्यासाठी आम्ही काही तपासण्या त्यावर घेऊन ठेवतो. त्यातल्या बासष्ट अशा निवडल्या, की त्या माणसांचं पुढे काय झालं ते आम्हाला ठाऊक होतं. वर्षाच्या आत कोण पडलं, कोण नाही. मोजणीबाईंनी त्या सगळ्यांचे ठिपके करून टाकले, नावं काढून नंबर घातले आणि सेकंदही झाकले. यंत्रानं आपले आकडे आधीच देऊन ठेवलेले, बंद पाकिटात. मी पडद्याकडे बघून प्रत्येकासमोर बरोबर किंवा फुली लिहायची. थोडक्यात, माझी चौतीस वर्षं आणि ती पेटी यांची झुंज. शिकाऊ मुली भिंतीला टेकून उभ्या, मोठे डॉक्टर खुर्चीत. मी हरणार नाही याची मला इतकी खात्री होती, की सकाळी मी सगळ्यांना चहा पाजला होता.

चाळीस नंबरपर्यंत ठीक चाललं. एक्केचाळीस नंबरला पडद्यावर दोन माणसं आली. बाकी सगळीकडे तपासणाऱ्या बाईचे ठिपके मोजणीबाईंनी पुसले होते. इथे दोघी एकमेकींना इतक्या लागून चालत होत्या, की यंत्राला त्या सुट्या करता येईनात, म्हणून राहू दिल्या. जी तपासून घेत होती ती म्हातारी, बारीक अंगाची. उठली बरी. पण पाऊल जमिनीपासून जेमतेम एक बोट सुटत होतं. डावा हात कमरेच्या उंचीवर बाजूला जात होता आणि काहीतरी चाचपत होता, जिथे काहीच नव्हतं तिथे. वळताना सात पावलं, कपाट सरकवावं तशी. मी एका क्षणात फुली मारली, कागद फाटेल इतकी ठळक. आणि मग माझी जीभ सुटली. मी म्हटलं, पेशंटचं राहू द्या, या शेजारच्या शहाण्या बाईला कामावर कोणी घेतलं? अर्धं पाऊल मागे राहायचं, कधीही बरोबरीनं चालायचं नाही, हे मी पहिल्या दिवशी शिकवते. बरोबरीनं चाललं की पेशंट तुमचा ताल पकडतो आणि मग तुम्ही त्याची चाल तपासत नाही, स्वतःचीच तपासता. बघा, हिचं पाऊल पडलं की तिचं पडतंय. आणि एवढं करून हिनं कागदावर लिहिलं असणार, धोका नाही. असल्यांना घरी बसवायला हवं. मुली खिदळल्या. मोठे डॉक्टरही हसले. मला अगदी बरं वाटलं.

तोवर ती म्हातारी खुर्चीपर्यंत आली होती. बसण्याआधी ती थांबली. तिच्या उजव्या मनगटाचा ठिपका मागे गेला आणि खुर्चीच्या बैठकीवरून एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे फिरला, पालथ्या हातानं काहीतरी झटकावं तसा. मग ती बसली.

सांग, आणखी कोण करायचं असं? चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले तिनं. एकदा खुर्चीवर राहिलेली सुई तुझ्या मांडीत गेली, तू चार वर्षांचा होतास, तेव्हापासून ती कुठेही बसायची झाली तरी आधी हात फिरवायची. दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये. तू तिला चिडवायचास, की ही सिंहासनावर बसायच्या आधीही झटकेल. धाकट्या, पडद्यावर तिचा चेहरा नव्हता, आवाज नव्हता, काहीच नव्हतं. रेघांनी जोडलेले पंचवीस ठिपके. आणि ती आई होती. सगळीच्या सगळी आई होती. अकरा वर्षांनी माझ्या खोलीत आली, तीन मीटर चालली, वळली, सुई नाही ना बघितलं आणि बसली. मला त्या क्षणी दुःख झालं असं म्हटलं तर खोटं ठरेल. मला नुसतं नवल वाटलं. माणूस इतकं कमी उरलं तरी उरतं. मी मोजणीबाईंना म्हटलं, पुन्हा लावा. त्यांना वाटलं मला फुली बदलायची आहे. पुन्हा लावलं, तेव्हा मी शेजारच्या त्या शहाण्या बाईकडे बघितलं. तिचा उजवा खांदा दर पावलाला खाली जात होता.

उरलेल्या एकवीस जणांपुढे मी काय लिहिलं, मला आठवत नाही. सगळे गेल्यावर मोजणीबाईंना खरं सांगितलं. त्यांनी पाकीट उघडून एक्केचाळीस नंबरचा आकडा दाखवला. चौऱ्याऐंशी. मग त्यांनी पावलांची रेघ काढून दाखवली. आई उठल्यावर पहिली दोन पावलं एकटी चालली होती, ती वेडीवाकडी, एक लांब, एक आखूड. तिसऱ्या पावलाला मी तिच्या शेजारी आले आणि रेघ एकदम सरळ झाली. ती माझी आई होती, म्हणून मी अर्धं पाऊल मागे राहिले नाही. दुसऱ्या कोणाच्या आईला मी असं कधीच चालवलं नसतं. साडेदहा सेकंद, असं मी त्या दिवशी लिहिलं होतं. मूळ कागद मी कपाटातून शोधून काढला. पडण्याचा धोका नाही. खाली माझी सही, शेपटी काढलेली, दिमाखदार. तारीख तिच्या पडण्याच्या नऊ दिवस आधीची.

आणि त्याच्याही आधी तू मला तीनदा फोन केला होतास. आई भिंत धरून चालते म्हणालास. मी मानलं नाही, म्हणून घरी बोलावून तिच्या खोलीपासून मोरीपर्यंतच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला पडलेला काळपट पट्टा दाखवलास, तिच्या हातानं पडलेला. तिथे बसवायला धरायचा लाकडी दांडा रंधा मारून, पॉलिश करून तयार ठेवला होतास. मी काय म्हणाले होते, आठवतं? घराचा दवाखाना करू नकोस. तिला पांगळी करशील. माझं काम मला शिकवू नकोस. आणि तुझं तोंड बंद करायला म्हणून मी तिला आमच्या खोलीत नेऊन ती तपासणी केली, धोका नाही असं लिहिलं आणि कागद तुझ्यापुढे नाचवला. या पेटीला जे दिसायला एवढी वर्षं, एवढी माणसं आणि एवढं गणित लागलं, ते तुला रोज तिच्याबरोबर राहून, एक भिंत बघून दिसलं होतं. यंत्राचं मला खूप नवल वाटलं. पण गेला महिनाभर मला सगळ्यात जास्त नवल तुझं वाटतं आहे. आणि सगळ्यांसमोर मी तुला बोलले तेव्हा, बहिणीनंच सही केली होती, हे एक वाक्य तुला उच्चारता आलं असतं. तू ते गिळलंस. का, ते मला अजून कळत नाही.

मोजणीबाई फार काटेकोर आहेत. त्यांनी मला बजावलं, की यंत्र कोण पडेल ते सांगतं, कोण कशानं पडलं ते सांगत नाही. फरशी त्या सकाळी किती ओली होती, तू पुसून गेल्यावर ती वाळली होती की नाही, हे आता कोणालाच कळायचं नाही. मी तुला खोटा दिलासा देणार नाही. पण मी ते सात पावलांचं वळण पाहिलं आहे, आता शंभरदा पाहिलं आहे. त्या बाईला पडायला पाणी लागणार नव्हतं. तिला हात टेकायला दांडा लागणार होता, आणि तो मी लावू दिला नाही.

त्या जुन्या कागदावर मी तपासणी चुकीची होती असं लिहून आजच्या तारखेनं सही केली आहे. त्याची प्रत या पाकिटात आहे. शिकाऊ मुलींना एक्केचाळीस नंबर आता मी स्वतः दाखवते आणि ती शहाणी बाई कोण तेही सांगते. त्या दिवशी बैठकीच्या खोलीत जे जे होते, त्यांना एकेकाला फोन केला. मामा रडले. मावशीनं मला दोन शब्द सुनावले, ते मी निमूट ऐकून घेतले. काकू आता थकल्या आहेत, त्यांच्या घरी जाऊन कानाशी मोठ्यानं सांगावं लागलं. तू तेवढा राहिला होतास. महिनाभर कागद पुढ्यात घ्यायचे आणि उठून जायचे, तुझी भीती वाटत होती. मग परवा तुझ्या लेकीचा फोन आला. नऊ वर्षांची पाहिली होती मी तिला, आता वीस वर्षांची घोडी झाली आहे आणि फोनवर आत्या म्हणताना अडखळते. मामांकडून तिला सगळं कळलं होतं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, की बाबा अजून रोज सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की गुडघ्यांवर बसून कोरड्या फडक्यानं मोरीची फरशी पुसतात, हात फिरवून बघतात आणि पुन्हा पुसतात. आता त्यांचे गुडघे दुखतात तरी पुसतात, तोवर कोणाला पाय टाकू देत नाहीत, आणि का ते घरात कोणी विचारायचं नाही. आत्या, तुम्ही तरी त्यांना सांगा, म्हणाली. म्हणून हे लिहिलं. आई तुझ्यामुळे पडली नाही, बाळा. माझं चुकलं, आणि तुझ्यावर ढकलून मी अकरा वर्षं मोकळी फिरले. मला माफ करायचं की नाही ते तू ठरव, त्याची घाई नाही. पण उद्या आंघोळी झाल्या की फडकं उचलू नकोस. दार उघडं ठेव आणि बाहेर येऊन बस. फरशी वाळेल आपली आपण.

तुझीच, तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि तुझ्याहून कमी पाहिलेली,
ताई